संगीत : जेम्स बनाना

कोनामी कंपनीचा 'कॅसलव्हेनिया' हा गेम शेवटपर्यंत खेळून ड्रॅक्युलाला संपवलं, की त्याचा किल्ला कोसळतो आणि पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते. दिग्दर्शन : ट्रान्स फिशर्स. पटकथा : व्हीरॅम स्टोकर. संगीत : जेम्स बनाना. मग भूमिका करणाऱ्यांची यादी येते. ड्रॅक्युला झालाय क्रिस्टोफर बी, मृत्यू झालाय बेलो लुगोसी आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस बोरिस कार्लॉफिस. नायकाचं नावसुद्धा सायमन बेलमाँडो असं पडतं. गेम ज्यांनी रात्रंदिवस बसून घडवला, त्यांच्यापैकी एकाचंही खरं नाव त्या यादीत नाही.

नावं कुठून आली, ते उकलायला फार वेळ लागत नाही. ब्रिटनच्या हॅमर या चित्रसंस्थेने १९५८ साली 'ड्रॅक्युला' काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, ड्रॅक्युलाच्या भूमिकेत क्रिस्टोफर ली, संगीत जेम्स बर्नार्ड यांचं. बेला लुगोसी आणि बोरिस कार्लॉफ हे त्याआधीच्या हॉलिवूड भयपटांचे नट. मूळ कादंबरी ब्रॅम स्टोकरची. व्हीरॅम म्हणजे चित्रं साठवणारी मेमरी. गेम करणाऱ्यांनी आपल्या आवडत्या चित्रपटांना केलेला हा नमस्कार होता आणि तो प्रेमाने केलेला होता, यात शंका नाही. पण बर्नार्डचा बनाना करताना एक माणूस झाकला गेला. झाकली गेलेली व्यक्ती पुरुष नव्हती, ब्रिटिशही नव्हती. तिचं नाव किनुयो यामाशिता.

यामाशिता यांनी ओसाकात इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि १९८६ साली त्या कोनामीत दाखल झाल्या. 'कॅसलव्हेनिया' हे त्यांचं पहिलंच काम. जपानमध्ये हा गेम 'आकुमाजो डोराक्युला' या नावाने २६ सप्टेंबर १९८६ रोजी निन्टेंडोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमसाठी आला. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीने त्याच वर्षी केलेलं हे संगीत आजही वाद्यवृंद वाजवतात. त्यातल्या पहिल्या टप्प्याची 'व्हँपायर किलर' ही धून मालिकेच्या पुढच्या कितीतरी गेममध्ये नव्या साजात परत आली. या कामात सातोए तेराशिमा या त्यांच्या सहकारी होत्या. हे दुसरं नाव लक्षात ठेवावं, त्याकडे मी पुढे येणार आहे.

त्या काळातल्या जपानी गेमसंगीताचा शोध घेऊ लागलं, की टोपणनावांमागून एकामागून एक बायका समोर येतात. नामकोमध्ये जुंको ओझावा, शिकत असतानाच कोनामीत 'ग्रॅडियस'च्या (१९८५) संगीतावर काम करणाऱ्या मिकी हिगाशिनो, कॅपकॉममध्ये मानामी मात्सुमाए आणि 'स्ट्रीट फायटर २'च्या (१९९१) योको शिमोमुरा. यातल्या शिमोमुरांचं नाव गेममध्ये 'शिमो-पी' एवढंच. १९८७च्या 'रॉकमॅन'मध्ये, म्हणजे बाहेरच्या जगाच्या 'मेगा मॅन'मध्ये, ध्वनी या शीर्षकाखाली दोन नावं दिसतात : 'युकीचानचे पप्पा' आणि 'चानचाकोरिन मानामी'. पहिले योशिहिरो साकागुची, दुसऱ्या मात्सुमाए. जगभर असा समज पसरला होता, की गेम म्हणजे मुलग्यांनी मुलग्यांसाठी केलेली वस्तू. पडद्यावर खरी नावं आली असती, तर हा समज इतका घट्ट झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

नावं लपवण्याची ही रीत जपानने शोधलेली नाही. अमेरिकेत अटारी कंपनी गेम करणाऱ्यांची नावं छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने 'अॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपलं नाव लिहून ठेवलं. अटारीचे चार प्रोग्रॅमर श्रेय आणि मोबदला या दोन्ही कारणांनी बाहेर पडले आणि १९७९ साली अॅक्टिव्हिजन उभी राहिली. या कंपनीने गेम कोणी केला, त्याचं नाव खोक्यावर छापायला सुरुवात केली. जपानी कंपन्यांना भीती होती ती माणसं पळवली जाण्याची. चांगला संगीतकार कोण, हे प्रतिस्पर्ध्याला कळलं तर उद्या तो तिकडे जाईल. यावर कोनामीत आणखी एक तोडगा होता : संगीत विभागाचं सामूहिक नाव, 'कुकेइहा क्लब'. कुकेइहा म्हणजे चौकोनी तरंग. व्यक्ती पुसून ध्वनीचंच नाव पुढे केलेलं.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. 'महल' (१९४९) चित्रपटातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापलं होतं. कामिनी ही पडद्यावर मधुबालाने रंगवलेली व्यक्तिरेखा. आवाज घराघरांत पोचला आणि नाव मागे राहिलं. पुढे याच लताबाईंनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं, पण तो पडदा त्यांनी स्वतः निवडलेला होता. स्वतः घेतलेलं टोपणनाव आणि डोक्यावर ठेवलेलं टोपणनाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि श्रेयाचा शोध घेणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी हाच फरक तपासायला हवा.

आता आवाजाकडे. नावं खोटी असली तरी आवाज खरा आहे, मग आवाजावरूनच माणूस ओळखता येणार नाही का? हा मोह प्रत्येक शोधकाला होतो, म्हणून आवाज कसा तयार व्हायचा ते नीट पाहायला हवं.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये पाच चॅनल आहेत. दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक नॉइजचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. चौकोनी तरंगाचा किती हिस्सा वर राहतो, हे ठरवता येतं : १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के. १२.५ ला आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा. ५० ला गोलसर आणि पोकळ. त्रिकोणी चॅनलला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही. तो एक तर वाजतो, नाही तर गप्प बसतो. म्हणून बहुतेक संगीतकारांनी त्याला खर्जाला बसवलं. स्वर लिहायचा तो अंकात. चौकोनी चॅनलला २५३ हा आकडा दिला, की सुमारे ४४०.४ हर्ट्झचा स्वर मिळतो. तोच आकडा त्रिकोणी चॅनलला दिला, की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. इंजिनिअरिंग शिकून आलेल्या यामाशितांना ही भाषा परकी नव्हती.

यात आणखी एक अडचण असे. चाबूक फटकारला, मेणबत्ती फुटली, की त्या आवाजासाठी संगीताचा एखादा चॅनल क्षणभर काढून घेतला जाई. म्हणजे गेम खेळताना कानावर पडतं ते संगीत जागोजागी तुटलेलं असतं. म्हणूनच अभ्यासक गेममधला संगीताचा भाग वेगळा काढतात आणि एकेक चॅनल बंद-चालू करून ऐकतात. हे मी सगळ्यांना सुचवीन. 'व्हँपायर किलर'चा फक्त त्रिकोणी चॅनल चालू ठेवून ऐकला, की सगळ्या धुनेला पुढे ढकलणारा तो खर्ज किती विचारपूर्वक रचलाय, ते उमगतं.

याच गेमचं एक भावंड आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये एमएसएक्स-२ संगणकासाठी कोनामीने 'व्हँपायर किलर' याच नावाचा वेगळा गेम काढला. किल्ला तोच, धुनाही त्याच. पण एमएसएक्सच्या चिपमध्ये तीन चौकोनी चॅनल, तिन्ही ५० टक्क्यांवर ठरलेले, आणि त्रिकोणी तरंग नाही. खर्जही मग चौकोनीच. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या, की यंत्राचा वाटा कुठे संपतो आणि रचनेचा कुठे सुरू होतो, ते कानाला स्पष्ट होतं. दोन्हीकडे टिकून राहतं ते संगीतकाराचं. बदलतं ते चिपचं.

मात्र आवाजाची साक्ष इथपर्यंतच चालते. चिप आणि संगीतकार यांच्या मध्ये ड्रायव्हर बसलेला असतो. लिहिलेले स्वर वाचून सेकंदाला साठ वेळा चिपला हुकूम देणारा हा प्रोग्रॅम. स्वर कसा विरतो, कंप कधी सुरू होतो, हे पुष्कळदा तोच ठरवतो. एका कंपनीतले अनेक जण एकाच ड्रायव्हरवर लिहीत. त्यामुळे 'हा कोनामीचा आवाज' असं कान म्हणतो तेव्हा तो बहुधा बरोबर असतो, पण 'हा यामाशितांचा आवाज' म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा ड्रायव्हरलाच माणूस समजलेला असतो. आवाज घराणं सांगतो, गाणारा सांगत नाही. निव्वळ कानावर विसंबून एखाद्या गेमचं श्रेय कुणाच्या नावावर चढवणं मला अन्यायकारक वाटतं, कारण त्यात दुसऱ्या कुणाचं तरी काम नकळत काढून घेतलं जाऊ शकतं.

आपल्याकडच्या आठवणींबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. १९९०च्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी पोचले ते फॅमिकॉमच्या नकला असलेले संच. 'व्हिडिओ गेम' एवढंच त्यांचं नाव, आणि सोबत '६४ इन १' अशी कॅसेट. त्यात कोनामीचा 'कॉन्ट्रा' हमखास असे. पण भारतातला टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारा. जो संच त्या गतीने चालतो, त्यावर ६० च्या हिशोबाने लिहिलेलं संगीत एक षष्ठांशाने हळू होतं. शिवाय नकली संचांतल्या अनेक चिपांमध्ये २५ आणि ५० टक्क्यांच्या चौकोनी तरंगांची अदलाबदल झालेली होती. म्हणजे नाशिक-सोलापुरातल्या ज्या मुलांच्या घरी असा संच होता, त्यांच्या कानात 'कॉन्ट्रा'चा जो आवाज बसला, त्याची लय आणि पोत दोन्ही मुळापेक्षा निराळे होते. तो आवाज त्यांच्या आयुष्यातला खराच आहे, आणि त्याचाही इतिहास कुणीतरी लिहायला हवा. पण संगीतकार ओळखण्यासाठी तो पुरावा म्हणून चालणार नाही.

'कॉन्ट्रा' जिंकल्यावर मात्र शेवटी माणसांची नावं दिसतात. ध्वनी : एच. माएझावा, के. सादा. हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा. त्याच कंपनीत, अवघ्या दोन वर्षांत, आद्याक्षर आणि आडनाव इथवर मजल आली होती. त्याच गेममध्ये तीस लाइफ मिळवून देणारा बटणांचा क्रम मूळचा काझुहिसा हाशिमोतो यांचा, 'ग्रॅडियस'च्या फॅमिकॉम आवृत्तीसाठी केलेला. जग त्याला आजही कंपनीच्याच नावाने ओळखतं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? कागदावर आणि माणसाच्या बोलण्यावर, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून. १९८४ साली हारुओमी होसोनो यांच्या देखरेखीखाली नामकोच्या गेमसंगीताचा 'व्हिडिओ गेम म्युझिक' हा अल्बम निघाला आणि गेमच्या धुना तबकड्यांवर येऊ लागल्या. अशा अल्बमांच्या आतल्या पुस्तिका हा मोठा आधार ठरतो. आर्केड यंत्रांवर उच्चांकांच्या यादीत आधीपासून भरून ठेवलेली तीन-तीन अक्षरं बरेचदा करणाऱ्यांची आद्याक्षरं असतात. कॅसेटच्या मेमरीत कुणी तरी मागे ठेवलेली ओळ सापडते. आणि शेवटी मुलाखती. जेम्स बनानाचा पडदा दूर झाला, तोही यामाशिता स्वतः बोलू लागल्यावर.

कायद्याकडून या कामी फारशी मदत होत नाही. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोकरीत केलेली आणि कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेली कृती असेल, तर वेगळा करार नसताना रचनाकार कंपनीच ठरते. नाव लावण्याचा हक्क रचनाकाराचा, आणि रचनाकार कंपनी. वर्तुळ तिथेच पूर्ण होतं. भारताच्या १९५७च्या कायद्यात नोकरीतल्या कृतीची पहिली मालकी मालकाची असली, तरी रचनाकार ती व्यक्तीच राहते आणि कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असं सांगण्याचा तिचा हक्क कायम असतो. या एका बाबतीत आपला कायदा मला अधिक माणुसकीचा वाटतो.

यामाशिता पुढे कोनामी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागल्या. नात्सुमे कंपनीचा 'पॉवर ब्लेड' (१९९१) त्यांचा. १९९५ साली सुपर फॅमिकॉमवर आलेल्या 'रॉकमॅन एक्स ३'चं संगीतही त्यांचंच. ज्या मालिकेची सुरुवात मात्सुमाएंनी टोपणनावाने केली होती, तिच्यात त्या अशा येऊन पोचल्या. सुपर फॅमिकॉमवर आठ चॅनल होते, वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने होते आणि त्या सगळ्यासाठी ६४ किलोबाइट मेमरी. पाच चॅनलांत किल्ला उभा करणाऱ्या बाईंनी इथे इलेक्ट्रिक गिटारचा कडक, दणदणीत ठेका धरला. 'कॅसलव्हेनिया' आणि 'एक्स ३' लागोपाठ ऐकले, तर निव्वळ कानाने कुणी म्हणणार नाही, की या रचना एकाच व्यक्तीच्या आहेत.

आज 'कॅसलव्हेनिया'च्या संगीताबद्दल लिहिताना बहुतेक लोक जेम्स बनानाची गोष्ट सांगतात, यामाशितांचं नाव घेतात आणि थांबतात. सातोए तेराशिमा पुष्कळदा गळून जातात. एका टोपणनावाच्या जागी एकच खरं नाव बसवलं, की गोष्ट सुटसुटीत होते, पण काम तर दोघींनी केलेलं होतं. या गेमची माहिती कुठेही छापायची असेल, तर ती अशी छापावी : संगीत – किनुयो यामाशिता, सातोए तेराशिमा.