बरोबर आलेला आकडा

आईला जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला, तेव्हा रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ९.२, अगदी बरोबर. व्हिटॅमिन डी मात्र ८ होतं, निदान २० तरी हवं. आणि ६५ च्या आत असायला हवं ते पीटीएच होतं ११८.

"कॅल्शियम ठीक आहे ना? मग हाडं का दुखतात?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर साखळी काढली. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत व्हिटॅमिन डी बनतं. यकृतात त्याचं साठवणीचं रूप होतं. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं आणि तपासणीत मोजतात तेही हेच. मूत्रपिंडात त्यावर शेवटचा हात फिरला की ते कामाला लागतं, आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. हे कामाचं रूप काही तासांतच संपतं, म्हणून शरीर ते लागेल तेवढंच बनवतं. जास्त झालं तर ते मोडणारं एन्झाइम त्याच्यामुळेच वाढतं.

यावर पहारा असतो गळ्यातल्या चार ग्रंथींचा, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच सोडतात. ते मूत्रपिंडाला कामाचं रूप वाढवायला लावतं, लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं आणि हाडांतलं काढून रक्तात आणतं.

"काकू, तुमचं ९.२ हाडांनी राखलंय," डॉक्टर म्हणाले.

आई रोज सकाळी सातला बंद खिडकीपाशी उन्हात बसायची. पण व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काचेतून येत नाहीत, आणि सूर्य इतका खाली असताना ते जमिनीपर्यंत फारसे पोचतही नाहीत. आता ती अकराच्या सुमारास थोडा वेळ गच्चीत बसते. आठवड्याला साठ हजार युनिटची एक पुडीही सुरू झाली. लवकर बरं वाटावं म्हणून तिने रोज घेऊ का विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी निक्षून नको म्हटलं. ऊन जास्त झालं तर त्वचा जादा माल निष्क्रिय करून टाकते, तोंडाने घेतलेल्याला ती चाळणी नाही. यकृतही फारसं अडवत नाही. मग रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते.

तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी ३४, पीटीएच ५४. कॅल्शियम तेच, ९.२. फक्त आता ते जेवणातून येत होतं.