बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका

स्किझोफ्रेनिया म्हणजे एकाच देहात दोन माणसं, हा समज चुकीचा आहे. या आजारात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी पक्की खात्री वाटते. पुढे आंघोळ, बोलणं, कामधंदा यांतली इच्छाच आटते. घरच्यांना तो आळस वाटतो. तो आळस नव्हे, आजारच आहे. करणी, बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे महिने जातात आणि सावरणं अवघड होत जातं.

औषधं मुख्यतः मेंदूतल्या डोपामाइनचा प्रभाव कमी करतात. गुण यायला काही आठवडे लागतात. वजन वाढणं, गुंगी, हात थरथरणं असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना जरूर सांगावेत, औषध बदलता येतं. रोजची गोळी चुकत असेल तर काही आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. पण बरं वाटताच औषध परस्पर बंद केलं, की आजार पुष्कळदा उलटतो. सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं.

‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण आहे. अशा घरच्यांनाही आधार हवाच. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य, चोवीस तास सुरू असतो. फोन करा.