काळ्या कपड्यावर ब्लीचची नक्षी

संक्रांत झाली की काळ्या साड्या, काळे झगे, काळे सदरे पुन्हा पेटीत जातात. धुऊन धुऊन दोन-तीन वर्षांत तोच काळा रंग राखेसारखा होतो आणि मग या कपड्याचं करायचं काय, हा प्रश्न पडतो. गोधडीत घालायचा, नाहीतर फरशी पुसायला घ्यायचा. वाचकहो, त्याआधी एक प्रयोग करून बघा. दुकानात मिळणारं साधं पातळ ब्लीच आणि थोडी दोरी, एवढ्यावर त्या कपड्याला नवं रूप देता येतं.

पण आधी आमची फजिती ऐका. पुतण्याच्या काळ्या टी-शर्टला आम्ही गाठी मारल्या, ब्लीचमध्ये बुडवला आणि गप्पांत रमलो. तासाभराने काढला तर नक्षी अशी झकास उठलेली की शेजारच्या काकू बघायला आल्या. नुसत्या पाण्यातून काढून वाळत घातला. तिसऱ्या धुण्याला पिळताना, जिथं जिथं रंग उडाला होता तिथं तिथं कापड कागदासारखं फाटलं! ब्लीच रंगाबरोबर सूतही खातं, आणि आपण होऊन वेळेवर थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं. सगळी मेख इथंच आहे.

कच्छ, जामनगरकडची बांधणी तुम्ही पाहिली असेल. तिथं फिक्या कापडाला बारीक गाठी बांधून ते रंगात घालतात; गाठीखाली रंग पोचत नाही, म्हणून ठिपका फिका राहतो. ब्लीचचं काम नेमकं उलटं. बांधलेला भाग काळा राहतो आणि उघडा भाग उडतो. त्यामुळे फिका ठिपका हवा असेल तर गाठीबाहेर कापड बुडवू नका, गाठीचं टोकच तेवढं बुडवा.

कापड सुतीच हवं. पॉलिस्टरवर ब्लीच चालत नाही, टेरिकॉटवर अर्धवट चालतं. रेशीम आणि लोकर तर त्यात कामातूनच जाते. शंका असेल तर शिवणीतला एक धागा काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता कृती. कपडा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. मधोमध चिमटीत धरून पीळ द्या आणि नायलॉनच्या दोरीने तीन-चार ठिकाणी करकचून आवळा. प्लॅस्टिकच्या घमेल्यात एक भाग ब्लीच, दोन भाग पाणी घ्या. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. हातात रबरी मोजे, अंगावर जुने कपडे, आणि बसायचं अंगणात. कोंदट न्हाणीघरात हा उद्योग करू नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी लांबच राहावं. आधी कपड्याच्या आतल्या दुमडीवर दोन थेंब टाकून बघा. काळा रंग बहुधा दोन-तीन रंगांच्या मिश्रणाचा असतो आणि ते सगळे सारखे उडत नाहीत. म्हणून काळ्याचा पांढरा न होता विटकरी, तांबूस, कधी बदामी रंग निघतो. दिसतो तो छानच, पण पांढऱ्याची आशा धरून बसाल तर सूत जाईल. पाच मिनिटांपासून बघायला लागा. मनासारखा रंग दिसला की लगेच काढा, आणि काहीही झालं तरी वीस मिनिटांपुढं जाऊ नका.

काढल्यावर भरपूर पाण्यात खळबळा. मग मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि पाणी दहा भाग, असं दुसऱ्या घमेल्यात कालवून कपडा दहा मिनिटं त्यात ठेवा. उरलंसुरलं ब्लीच तिथं मरतं. आम्ही चुकलो ते इथंच. नंतर गाठी सोडून साबणाने धुवा.

काहीजण ब्लीच मारायला लिंबू किंवा व्हिनेगर सांगतात. ते अजिबात करू नका. ब्लीचमध्ये आंबट गेलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर जिवावर बेततं. उरलेलं ब्लीच थंड पेयाच्या बाटलीत भरून फळीवर ठेवायची आपल्याकडे वाईट खोड आहे. पोरं ते पाणी समजून तोंडाला लावतात. मूळच्या बाटलीतच, उंचावर ठेवा.

ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर असते, तीच वापरली तर? असं विचारणारे भेटतातच. ती पावडर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे, तिला हात लावू नका. शिवाय पोतं उघडं राहिलं की तिचा जोर उतरतो, त्यामुळे प्रमाण धरता येत नाही.

बचत गटातून असे कपडे विकायचा विचार असेल तर उसवायला आलेलं जुनं कापड घेऊ नका. ब्लीचनं सूत थोडंफार तरी कमजोर होतंच. नवं जाड सुती कापड घ्या, पहिला नग स्वतः वापरा, आठ-दहा वेळा धुऊन, पिळून, ताणून बघा. तो टिकला तरच पुढचे विकायला काढा. सुरुवात मात्र अंगातल्या कपड्यापेक्षा उशीच्या अभ्र्यावर करा. बिघडला तरी उशीची काही तक्रार नसते.