कचऱ्याचा धंदा करायचाय? मग आधी खताचा नाही, दाराचा हिशोब मांडा!



‘कचऱ्यातून लाखो कमवा’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मशीन घ्या, ओला कचरा टाका, खत काढा आणि विका. ऐकायला झकास वाटतं. पण मशीनसाठी कर्जाचा अर्ज भरण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, खताचं गिऱ्हाईक येईलच असं नाही.

आधी गणित

हिशोबापुरतं धरा, तुमच्याकडे २०० घरं आहेत आणि घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. म्हणजे दिवसाला १०० किलो, महिन्याला ३,००० किलो. त्यात बहुतेक पाणीच असतं. खत पाचवा हिस्सा धरलं तर झालं ६०० किलो. किलोला ८ रुपये मिळाले तर हातात ४,८०० रुपये. यात मजुरी, डिझेल, गोण्या, वीज... कसं बसवणार?

आता त्याच २०० घरांनी कचरा नेण्याचे महिना १०० रुपये दिले तर? २०,००० रुपये. आणि घरं ४०० झाली तर ४०,०००. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या भंगारात जातील, ती वरकमाई. म्हणजे तुमचा खरा माल खत नाही, सेवा आहे. खत हा जोडधंदा.

घरातच वेगळं, नाहीतर सगळंच वाया

सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला बघा. छोटंसं शहर. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा घरातच वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. पुढे डेपोवर त्याचे वीसहून अधिक प्रकार होऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्याच्या कांड्या, प्लास्टिक रस्त्याच्या कामाला. जिथे लोक नाक दाबून जायचे, ती जागा बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली.

यातून शिकायचं काय? मशीन नंतर आलं, सवय आधी लागली. ओल्या कचऱ्यात एक फुटकी बाटली आणि दोन सेल पडले की ते खत कोण घेणार? २०१६ च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा देणं ही कचरा करणाऱ्याचीच जबाबदारी ठरवली होती.

पण लोक पैसे देतील का?

तुम्ही म्हणाल, “सर, आमच्या गावात कचऱ्याला कोण पैसे देतंय?” पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद दारोदार कचरा घेतात आणि घरं त्यांना दरमहा शुल्क देतात. पुणे मोठं शहर, मान्य. पण लोक पैसे कशाचे देतात? माणूस ठरलेल्या वेळी न चुकता येतो, याचे. ते छोट्या गावातही जमतं.

सुरुवात अशी करा

१. एकच गल्ली किंवा दोन सोसायट्या निवडा. घरोघरी जाऊन विचारा, ‘महिना किती द्याल?’ नुसतं ‘छान कल्पना आहे’ म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक समजू नका.

२. नगरपरिषदेत जाऊन आधी बोला. घंटागाडीचा ठेका दुसऱ्याकडे असेल तर परवानगीशिवाय हात घालू नका. ठेका तुम्हाला मिळाला तरी बिलं उशिरा निघू शकतात, तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

३. खत साध्या विटांच्या हौदात करून बघा. प्रत्येक ओल्या थरावर सुक्या पाल्याचा थर, अधूनमधून वर-खाली. वास येऊ लागला की समजा, सुकं कमी पडलं.

४. खत ब्रँड छापून विकायचं असेल तर आधी कृषी कार्यालयात परवान्याचं विचारा. खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो.

५. कचरा उचलणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट, मास्क. ही काटकसरीची जागा नाही. जे लोक गावात आधीपासून भंगार वेचतात त्यांनाच सोबत घ्या. कोणत्या मालाला काय भाव, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: फक्त २० घरं. प्रत्येकाकडून पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागा. बाराजणांनी दिले तर धंदा आहे. तिघांनीच दिले तर दर, वेळ किंवा गल्ली बदलून पुन्हा विचारा. मशीनचं कोटेशन तोवर ड्रॉवरमध्येच राहू द्या.