धर्मग्राम बंद होतो म्हणजे काय?

कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) विसर्जित होणे आणि चर्चला कुलूप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी. शेजारच्या धर्मग्रामात विलीनीकरण झाले तरी चर्च उपासनेसाठी उघडे राहू शकते. ते कायमचे बंद करायला गंभीर कारण आणि बिशपांचा स्वतंत्र आदेश लागतो. दोन्ही निर्णय बिशपांचेच, पण आधी धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकणे बंधनकारक. धर्मगुरूंचा तुटवडा किंवा धर्मप्रांताची आर्थिक ओढाताण एवढे कारण विसर्जनाला पुरत नाही, असे व्हॅटिकनने २०२० मध्ये बजावले. प्रत्यक्षात चर्चा बहुतेकदा याच दोन कारणांची असते!

भाविकांना दाद मागता येते, मात्र मुदत तोकडी: आदेश कळल्यापासून १० दिवसांत आधी बिशपांकडेच; तिथे नकार मिळाला तर १५ दिवसांत रोमकडे.

जर्मनीतल्या इमेराथमध्ये तर अख्खे गावच उठले. गार्त्सवायलरच्या लिग्नाइट खाणीसाठी ग्रामस्थ नव्या वसाहतीत गेले. १८८८ ते १८९१ दरम्यान बांधलेले, दोन मनोऱ्यांचे संत लँबर्ट चर्च २०१३ मध्ये विधिपूर्वक उपासनेतून मुक्त झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये यंत्रांनी पाडले. बिशपांचे आसन तिथे कधीच नव्हते, तरी लोक त्याला ‘इमेराथचे कॅथेड्रल’ म्हणत.

बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या मात्र मोडीत काढत नाहीत. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल आणि जुना धर्मग्राम बंद झाला असेल, तर तो ज्यात विलीन झाला तिथे किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात चौकशी करावी.