फ्लशची टाकी भरतच राहते? आधी दोष शोधा

संडासातील फ्लशची टाकी भरायची थांबत नसली, की काही कारागीर बांधव सरळ नवा संच बसवून मोकळे होतात. आमचे म्हणणे एवढेच, की आधी झाकण काढून पाण्याची पातळी पाहावी.

पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून वाहत असेल, तर दोष बॉलकॉकचा. बॉल हाताने वर उचला. पाणी थांबले, तर कॉक ठीक आहे. बॉल हलवून पाहा. आत पाणी शिरले असेल तर तो बदला. नसेल तर दांडी किंचित खाली वाकवा (प्लास्टिकच्या दांडीला स्क्रू असतो). पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबले पाहिजे. बॉल उचलूनही पाणी थांबत नसेल, तर अँगल कॉक बंद करून बॉलकॉकमधला कचरा काढा, वायसर बदला.

पातळी नळीच्या तोंडाखाली असूनही टाकी भरतच असेल, तर तळाचा वायसर गळतो आहे.

पाच मिनिटांना एक लिटर गळती म्हणजे दिवसाला २८८ लिटर पाणी. हा इस्राफ थांबवणे सवाबाचे काम आहे. मात्र वायसरने भागत असताना संच खराब झाल्याचे सांगून पैसे घेणे, ही हलाल कमाई नव्हे. काढलेला वायसर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. पुढच्या कामाला ते तुम्हालाच बोलावील.