गाव ५०० लोकांचं, मैदानाला गॅलरीसुद्धा नाही, तरी जगभरातून लोक ते बघायला येतात!

हा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असणार. ड्रोनने वरून काढलेला. सगळीकडे निळाशार समुद्र, मध्ये काळ्याकुट्ट खडकांची छोटी छोटी बेटं आणि त्यातल्या एका बेटाच्या टोकाला, कुणीतरी हिरवी सतरंजी अंथरून ठेवल्यासारखं फुटबॉलचं मैदान.

खालच्या कमेंट्सही ठरलेल्या. एक जण म्हणतो, "एआयने बनवलंय." दुसरा विचारतो, "बॉल समुद्रात गेला तर आणायला कोण जाणार?"

तर फोटो खरा आहे, मैदान खरं आहे आणि तिथं आजही गावातली पोरं खेळतात. हे मैदान नॉर्वेतल्या हेनिंग्सवॅर नावाच्या मच्छीमार गावाचं आहे. "जगातलं सगळ्यात सुंदर मैदान" म्हणून ते व्हायरल होत असतं. पण ड्रोनच्या फोटोत न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. जेमतेम ५०० लोकांच्या गावाला असं मैदान परवडतं कसं, आणि जग बघायला यायला लागलं की त्या गावाचं काय होतं, हे जरा नीट समजून घेऊ.

हे गाव आहे तरी कुठं?

नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाचा बेटांचा समूह आहे. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंश उत्तर अक्षांशावर. इथं मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. उलट डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तो क्षितिजाच्या वर येत नाही. म्हणजे जूनमध्ये रात्री १२ वाजता लख्ख उन्हात मॅच खेळता येते आणि डिसेंबरमध्ये दुपारच्या सरावालासुद्धा फ्लडलाइट लावावे लागतात.

हेनिंग्सवॅर अशाच काही बेटांवर वसलंय. १९८३ मध्ये पूल झाले आणि गाव रस्त्याने जोडलं गेलं. त्याआधी इथं यायचं म्हणजे बोटीशिवाय पर्याय नव्हता. मैदान गावाच्या एका टोकाला हेलांडसोया नावाच्या बेटावर आहे.

या भागात सपाट जमीन मिळणं अवघड. एकीकडे समुद्रातून सरळ वर गेलेले डोंगर, दुसरीकडे उघडे खडक. त्यामुळे मैदान हवं असेल तर खडकच सपाट करावा लागतो, आणि इथं तेच केलंय. वर टाकलंय कृत्रिम गवत. थंडी, समुद्रावरचा वारा आणि अंधाराचे महिने बघता उत्तर नॉर्वेत नैसर्गिक गवत टिकवणं हे खर्चिक दुखणं असतं. युरोपात नाव काढलेल्या बोडो/ग्लिम्ट क्लबचं बोडो शहरातलं मैदानही कृत्रिम गवताचंच आहे.

मैदानाभोवती ते लाकडी सांगाडे कसले?

फोटो झूम करून बघा. मैदानाच्या बाजूला लाकडी वाशांचे मोठमोठे मांडव दिसतील. अनेकांना ती अर्धवट राहिलेली प्रेक्षक गॅलरी वाटते. ते आहेत मासे वाळवायचे मांडव. तिकडे त्यांना "येल" म्हणतात.

दरवर्षी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे अंडी घालायला लोफोटेनच्या किनाऱ्याशी येतात. ते पकडायचे, डोकी काढायची, शेपटीला दोरी बांधून दोन-दोनची जोडी करायची आणि मांडवावर टांगायची. मीठ लावायचं नाही. गार वारा बाकीचं काम करतो. गरम सागरी प्रवाहामुळे इथला हिवाळा शून्य अंशाच्या आसपास राहतो. त्यामुळे मासा सडत नाही, माशा बसत नाहीत आणि दगडासारखा गोठतही नाही. जून उजाडेपर्यंत माशाचं जवळपास ८० टक्के वजन उडून गेलेलं असतं.

वर्सोव्यात किंवा अर्नाळ्याला दोऱ्यांवर वाळणारे बोंबील ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. तिथंही बिनमिठाचे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगतात. फरक इतकाच की आपल्याकडे ऊन वाळवतं, तिकडे गार वारा.

हा धंदा सुमारे हजार वर्षं जुना आहे. सुकवलेल्या कॉडचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटली, तर वाळवलेली डोकी जातात नायजेरियाला. लोफोटेनमधली शाळकरी पोरं हंगामात कॉडच्या जिभा कापून विकतात आणि त्यातून स्वतःचे पैसे कमावतात. हे काम परंपरेने मुलांचंच मानलं जातं.

म्हणजे हे मैदान पर्यटकांसाठी निसर्गात नेऊन ठेवलेलं नाही. ते गावाच्या कामाच्या जागेत आहे. फेब्रुवारी ते मे दरम्यान गेलात तर मैदानाआधी तुम्हाला माशांचा वास लागेल.

५०० लोकांच्या गावाला हे परवडतं कसं?

नॉर्वेत गावोगावी "इद्रेत्सलाग" म्हणजे क्रीडा मंडळं असतात. मंडळाचे मालक त्याचे सभासद. कुणी शेठ नाही, कुणी गुंतवणूकदार नाही. वर्गणी भरा, सभेत मत द्या आणि काम पडलं की हजर व्हा.

या शेवटच्या गोष्टीला तिथं एक खास शब्द आहे, डुग्नाड. पगार न घेता सगळ्यांनी मिळून करायचं काम. मैदानावरचा बर्फ काढणं, गोलची जाळी शिवणं, मॅचच्या दिवशी कॉफी आणि वॉफल विकणं, पोरांना शिकवणं, सगळं यात येतं. मुलांच्या टीमचा कोच बहुतेक वेळा कुणाची तरी आई किंवा कुणाचा तरी बाप असतो.

पण नुसत्या श्रमदानातून मैदान उभं राहत नाही, त्याला पैसा लागतो. तो येतो लॉटरीतून. नॉर्वेत १९४६ मध्ये नोर्स्क टिपिंग नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. १९४८ पासून तिने फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावायची कूपनं विकायला सुरुवात केली. सट्टा होणारच असेल तर तो सरकारी हातात ठेवा आणि नफा समाजाच्या कामाला लावा, असा हिशोब. २०१५ पासून या कंपनीच्या वाटपाच्या नफ्यातला ६४ टक्के हिस्सा खेळाला मिळतो. त्यातूनच देशभर मैदानं, हॉल आणि जलतरण तलाव बांधायला अनुदान दिलं जातं.

२००९ पासून आणखी एक सोय झाली. कूपन घेणारा माणूस आपल्या पैशातला छोटा वाटा थेट आपल्या गावच्या मंडळाला द्यायला सांगू शकतो. थोडक्यात, कुणी तिकीट हरला तरी गावातल्या मैदानाला चार पैसे मिळतात.

आणि इथं खेळतं कोण?

गावातला हौशी क्लब आणि लहान मुलं. मुलांच्या बाबतीत नॉर्वेचा एक नियम आपल्याला चक्रावून टाकेल. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं, त्याआधी त्याच्या स्पर्धांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही. १३ च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. मॅच होते, गोल होतात, पोरं स्कोअर मोजतातच, पण मंडळाने तक्ता लावून कुणाला पहिला आणि कुणाला शेवटचा ठरवायचं नाही. मुलांच्या खेळाचे हे नियम पहिल्यांदा १९८७ मध्ये आले.

आता तुम्ही म्हणाल, अशाने चॅम्पियन कसे तयार होणार? तर नॉर्वेची लोकसंख्या आहे सुमारे ५६ लाख, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्याच देशाने अर्लिंग हालांड आणि मार्टिन ओडेगार्ड दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नॉर्वेने इटलीला मिलानमध्ये ४-१ ने हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदा पुरुषांच्या वर्ल्डकपचं तिकीट मिळवलं. नियमामुळेच हे झालं असं कुणी म्हणू नये. पण नियमामुळे काही बिघडलं नाही, एवढं नक्की.

लहान गावाला या नियमाचा आणखी एक फायदा होतो. ५०० लोकांच्या गावात एका वयोगटात मोजकीच पोरं असतात. त्यातल्या निम्म्यांना "तुला जमत नाही" म्हणून घरी बसवलं तर टीमच उरणार नाही. त्यामुळे सगळ्यांना खेळवणं ही तिथं गरजही असते.

मग अडचण काय आहे?

अडचण आहे त्या फोटोची. ड्रोन स्वस्त झाले, फोटो व्हायरल झाला आणि मैदान "बघायच्या ठिकाणांच्या" यादीत गेलं. गावातला रस्ता अरुंद, पूल अरुंद, गाड्या लावायला जागा मोजकी. उन्हाळ्यात येणाऱ्यांची रीघ लागते. बहुतेक जण गाडीतून उतरतात, ड्रोन उडवतात, १० मिनिटांत फोटो काढतात आणि निघतात. गावाच्या वाट्याला येते गर्दी, कचरा आणि डोक्यावरची भुणभुण.

यात नॉर्वेचा एक जुना हक्कही येतो. १९५७ च्या कायद्याने तिथं मोकळ्या रानात, डोंगरात कुणालाही फिरायची आणि तंबू ठोकायची मुभा आहे. पण लोकवस्तीतल्या घरापासून १५० मीटर लांब राहायचं आणि कुणाच्या अंगणात, शेतात शिरायचं नाही, अशा अटी आहेत. लहान बेटावरच्या गावात १५० मीटर म्हणजे जवळपास सगळं गावच आलं. हे माहीत नसलेले पाहुणे कुठंही तंबू टाकतात आणि वाद होतात.

शौचालय, पार्किंग, कचरा यांचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न लोफोटेनमध्ये बरीच वर्षं गाजतोय. शेवटी २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने कायदा केला. पर्यटनाचा ताण असलेल्या पालिकांना आता मुक्कामाच्या बिलावर ३ टक्क्यांपर्यंत पर्यटन शुल्क लावता येईल आणि तो पैसा पर्यटकांसाठीच्या सोयींवर खर्च करायचा आहे.

पण शुल्काने सगळं सुटत नाही. मासेमारी टिकली, शाळा चालली, तरुण कुटुंबं गावात राहिली तर मैदानावर पोरं दिसतील. घरं एक एक करून पर्यटकांना भाड्याने जात राहिली, तर मैदान तसंच सुंदर राहील, खेळायला मात्र कुणी नसेल. लोफोटेनमध्ये घरांवरून होणाऱ्या चर्चेचं मूळ हेच आहे.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. ओस्लोहून विमानाने बोडो, तिथून छोट्या विमानाने स्वोलवॅर. स्वोलवॅरपासून हेनिंग्सवॅर रस्त्याने साधारण २५ किलोमीटर. व्यवहार बहुतेक कार्डावरच होतात.

मैदान बघायला तिकीट नाही. सराव किंवा मॅच सुरू असेल तर कडेला उभं राहून बघा, टाळ्या वाजवा. आत शिरून सेल्फी काढू नका.

परवानगी न घेता खेळणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून पोस्ट करू नका. नॉर्वेत ही गोष्ट फार गंभीरपणे घेतली जाते.

ड्रोनला नियम आहेत. कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी चालवणाऱ्याची नोंदणी लागते, १२० मीटरच्या वर न्यायचं नाही आणि लोकांच्या गर्दीवरून उडवायचं नाही. विमानतळाच्या आसपास वेगळे निर्बंध आहेत. वरून नजारा हवाच असेल तर जवळच्या फेस्टवोगटिंड डोंगरावर चढून जा. चढण खडी आहे, पाऊस असेल तर टाळा.

मासे टांगलेल्या मांडवांवर चढू नका, माशांना हात लावू नका. तो कुणाचा तरी वर्षभराचा माल आहे.

कृत्रिम गवताच्या अनेक मैदानांत बारीक रबरी कण घातलेले असतात. ते बुटांना चिकटून बाहेर येतात आणि समुद्रात जातात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम करून २०३१ पासून अशा कणांची विक्री बंद करायचं ठरवलंय. तोवर, अशा कुठल्याही मैदानावर उतरलात तर बाहेर पडताना बूट झटका. तिथली पोरंही तेच करतात.

आणि जमलं तर १० मिनिटांत निघू नका. गावात एक रात्र राहा, तिथंच जेवा. संध्याकाळी मैदानावर सराव असेल तर जाऊन कडेला उभे राहा. मॅचच्या दिवशी कुणी कॉफी आणि वॉफल विकत असेल तर विकत घ्या. तो पैसा थेट मंडळात जातो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जाळ्यांना आणि बॉलना.